पिचरच्या पाठीकडे बघणारे सात जण

नागपूरजवळच्या जामठ्याला फेब्रुवारी 2023 मध्ये झालेल्या कसोटीत रवींद्र जडेजाने ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात 47 धावांत 5 बळी घेतले आणि सामना तिसऱ्याच दिवशी निकाली निघाला. स्टेडियममध्ये बसलेल्यांना त्याच्या फिरकीइतकीच आणखी एक गोष्ट जाणवली असणार. जडेजाची ओव्हर सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. चेंडू हातात आला, मागे गेला, वळला, टाकला. फलंदाजाला विचार करायला फुरसत नाही आणि जवळच्या क्षेत्ररक्षकांना कंबर सरळ करायलाही नाही.

क्रिकेटमध्ये हा ठेका सहा चेंडूंपुरता चालतो. पुढची ओव्हर दुसरा टाकतो आणि मैदानाची चाल बदलते. बेसबॉलमध्ये मात्र एकच पिचर इनिंगमागून इनिंग टाकत राहतो. संघ बचावाला उतरला की प्रत्येक डावपेच त्याच्या हातातून चेंडू सुटल्यावरच सुरू होतो, आणि तोवर बाकीचे आठ जण त्याच्यासाठी थांबलेले असतात. म्हणून पिचर किती वेळ घेतो आणि कसा वागतो, यावर आख्ख्या संघाचं खेळणं ठरतं.

शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमुळे नागपुरात बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळणारी मुलं-मुली बऱ्याच घरांत सापडतात. आईवडील सामन्याला येतात, पिचरने जोरात टाकलं की टाळ्या वाजवतात. चेंडूचा वेग महत्त्वाचा आहेच. पण दोन चेंडूंच्या मधे जे घडतं ते मला त्याहून मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. हा लेख त्या मधल्या वेळेबद्दल आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी अगदी थोडक्यात. चेंडू टाकणारा पिचर होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, 60 फूट 6 इंचांवर, म्हणजे 18.44 मीटरवर उभा राहतो. प्लेटमागे कॅचर बसतो आणि कोणता चेंडू टाकायचा याची खूण देतो. बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातून चेंडू गेला, किंवा बॅट फिरवूनही चुकला, की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले, ज्यांना 'बॉल' म्हणतात, की बॅटरला पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करायला गाठायच्या टप्प्यांतला पहिला, फुकट. याला वॉक म्हणतात. तीन आउट झाले की संघ बदलतात. पिचरच्या मागे चार इनफिल्डर आणि तीन आउटफिल्डर, असे सात जण पसरलेले असतात. सॉफ्टबॉलचं मैदान लहान, चेंडू मोठा आणि हात खालून फिरतो, पण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं तिथेही तसंच लागू पडतं.

आता शॉर्टस्टॉपच्या पायांकडे बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा हा खेळाडू. पिचरने हालचाल सुरू केली की त्याचे गुडघ्यावरचे हात सुटतात. तो दोन छोटी पावलं पुढे येतो, वजन चवड्यांवर घेतो, आणि चेंडू प्लेटजवळ पोचतो त्या क्षणी जागच्या जागी एक बारीकशी उडी मारतो. पाय जमिनीला टेकतात तेव्हा तो डावीकडे, उजवीकडे, पुढे, कुठेही झेपावू शकतो. टाचा जमिनीवर टेकवून उभ्या असलेल्या खेळाडूला आधी वजन उचलावं लागतं आणि मग निघावं लागतं. वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये ताशी 160 किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू तीस मीटरवरच्या इनफिल्डरपर्यंत पाऊण सेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात एक पाऊल उशिरा निघणं म्हणजे चेंडू बाजूने निघून जाणं.

ही तयारी फार वेळ धरून ठेवता येत नाही. व्हरायटी चौकात सिग्नल सुटणार म्हणून आपण गिअर टाकून, क्लच दाबून थांबतो. पाच-सात सेकंद ठीक वाटतं, पण दिवा लालच राहिला तर हात आपोआप न्यूट्रलवर जातो. पिचरने माती उकरली, टोपी काढली, खूण नाकारली, पुन्हा नाकारली, की मागचे सातही जण एकेक करून न्यूट्रलवर जातात. कोणी ठरवून करत नाही. शरीरच ते करतं.

शरीराच्या जोडीला डोक्यातलं गणितही असतं. प्रत्येक चेंडूआधी प्रत्येक खेळाडूने मनात जुळवून ठेवायचं असतं: किती आउट झालेत, धावपटू कुठे आहे, चेंडू माझ्याकडे जोरात आला तर कुठे फेकायचा, हळू आला तर कुठे. उत्तर आधीच तयार असेल तर चेंडू हातात आल्यावर विचार करावा लागत नाही. वाट बघायची वेळ लांबली की हे गणित विस्कटतं आणि खेळाडू बाजूच्या रस्त्यावरची बस बघायला लागतो. मग चेंडू येतो, तो छान अडवतोही, पण अडवल्यावर कुठे फेकायचं या विचारात अर्धा सेकंद जातो. स्कोअरशीटवर ही चूक त्याच्या नावावर चढते. तिचं मूळ पिचरच्या रेंगाळण्यात होतं, हे शीटवर लिहायची सोय नाही.

ढोबळ हिशोब करून बघा. पूर्ण सामन्यात एका संघाचे पिचर मिळून दीडशेच्या आसपास चेंडू टाकतात. दर चेंडूमागे दहा सेकंद जास्त घेतले तर पंधराशे सेकंद होतात, म्हणजे पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ सात जण ताटकळत उभे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 कडे सरकतो तेव्हा आपल्याकडे सराव पहाटेच आटोपतात, पण स्पर्धेचं वेळापत्रक काही पहाट बघून लागत नाही. दुपारी अकराच्या उन्हात सेंटर फिल्डला उभ्या असलेल्या पोराची ती पंचवीस मिनिटं पुढे त्याच्या बॅटिंगमधूनही वजा होतात. झटपट इनिंग संपवणारा पिचर संघाला सावलीत आणून बसवतो. विदर्भात ही छोटी देणगी नाही.

या बाबतीत अभ्यासावा असा पिचर म्हणजे अमेरिकेतल्या शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा मार्क बर्ली. त्याचा चेंडू फार वेगवान नव्हता. पण कॅचरकडून चेंडू परत आला की तो लगेच पुढच्या खुणेसाठी तयार असे, आणि कॅचरची खूण क्वचितच नाकारत असे. एप्रिल 2005 मध्ये सिएटल मरिनर्सविरुद्धचा त्याचा सामना अवघ्या 99 मिनिटांत संपला. 23 जुलै 2009 रोजी टँपा बे रेजविरुद्ध त्याने 'परफेक्ट गेम' टाकला, म्हणजे 27 बॅटर आले आणि 27 ही बाद झाले, एकही बेसवर पोचला नाही. तो सामना 2 तास 3 मिनिटांत झाला. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला गेब कॅपलरने चेंडू इतका लांब मारला की तो कुंपणावरून बाहेर चालला होता. सेंटर फिल्डला त्याच इनिंगसाठी पाठवलेल्या डीवेन वाइझने धावत जाऊन, कुंपणावर उडी घेऊन तो पकडला. पडताना चेंडू ग्लोव्हमधून निसटला, तो त्याने दुसऱ्या हाताने सावरला. तो झेल बर्लीच्या ठेक्यामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही. वाइझची झेप वाइझचीच होती. पण पहिल्या पावलाला उशीर झाला असता तर ती झेप पुरी पडली नसती, हेही तितकंच खरं.

इथे एक सावधगिरी हवी. पटापट टाकणाऱ्या पिचरमागे क्षेत्ररक्षण चांगलं होतं, हे खेळाडू एकमुखाने सांगतात, पण आकड्यांत पकडणं कठीण जातं. याचं कारण सरळ आहे. जो पिचर पटापट टाकतो तो बहुधा बॅटरला चेंडू मारू देणारा असतो. त्याच्या मागच्या खेळाडूंना कामही जास्त मिळतं आणि सरावही. जो सावकाश टाकतो तो अनेकदा पूर्ण जोर लावून स्ट्राइकआउट काढणारा असतो, आणि त्याला पुढच्या चेंडूआधी खरोखरच दम खायला लागतो. दोघांची थेट तुलना करता येत नाही. त्यामुळे कोणी अमुक सेकंद म्हणजे अमुक टक्के फायदा असा सोपा आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका.

आणि घाई म्हणजे ठेका नव्हे. पटापट बॉलवर बॉल टाकणारा पिचर संघाला सावकाश पिचरपेक्षाही लवकर मारतो. सलग दोन वॉक दिले की मागच्या सात जणांना कळून चुकतं की आपल्याकडे काही येणार नाही, आणि त्यांच्या टाचा जमिनीला टेकतात. संघाला हवा असतो तो ओळखीचा ठेका: चेंडू घेतला, रबरवर, म्हणजे पिचरच्या जागेवरच्या पट्टीवर, पाय ठेवला, श्वास सोडला, खूण घेतली, टाकला. दर वेळी जवळजवळ तेवढाच वेळ. मग त्या श्वासावर मागच्यांचे पाय आपोआप हलायला लागतात.

बेसवर धावपटू असला की मात्र हाच ओळखीचा ठेका पिचरच्या अंगावर उलटतो. पहिल्या बेसवरचा धावपटू पिचरची वेळ मोजत असतो. एक, दोन, तीन आणि हालचाल, हे त्याच्या लक्षात आलं की 'तीन'लाच तो दुसऱ्या बेसकडे सुटतो. म्हणून धावपटू असताना चांगला पिचर चेंडू कधी एक सेकंद धरतो, कधी चार, कधी पहिल्या बेसकडे फेकून त्याला मागे पळवतो. मधेच थांबणं हे इथे हत्यार होतं. फक्त आपल्या इनफिल्डरांना याची आधीपासून कल्पना हवी.

हे हत्यार किती धारदार होतं ते अमेरिकेत 2023 मध्ये दिसलं. सामने लांबत चालले म्हणून मेजर लीगने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, पिचरवर घड्याळ लावलं. बेस रिकामे असताना 15 सेकंद, धावपटू असताना 20 सेकंद. 2024 पासून हे 20 चे 18 झाले. वेळ चुकली की बॅटरच्या खात्यात एक बॉल जमा. बॅटरनेही आठ सेकंद उरलेले असताना तयार असायला हवं, नाहीतर त्याच्यावर स्ट्राइक. एका बॅटरच्या काळात पिचरला रबरवरून पाय काढायची किंवा बेसकडे फेकायची मुभा दोनदाच. तिसऱ्यांदा फेकलं आणि धावपटू बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस फुकट. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी 3 तास 4 मिनिटांच्या आसपास होती, ती 2 तास 40 मिनिटांच्या आसपास आली. सोबत चोरलेल्या बेसची, म्हणजे धावपटूने असं सुटून गाठलेल्या बेसची, संख्या 2022 मधल्या 2,486 वरून 2023 मध्ये 3,503 वर गेली. बेसचा आकारही त्याच वर्षी 15 इंचांवरून 18 इंच झाला होता, तोही यात धरायला हवा. तरी पिचरची थांबायची सवलत आखडली आणि धावपटू मोकळे सुटले, हे उघड दिसतं. आपल्याकडच्या स्थानिक सामन्यांत घड्याळ नसतं. कॅचरच ओरडतो, "टाक ना बे, काय पाहून राहिला?" आणि ते पुरेसं असतं.

आता वागण्याकडे वळू. लोक पिचरच्या चेहऱ्याबद्दल बोलतात, पण त्याच्या संघात तो चेहरा फक्त कॅचरला दिसतो. मागच्या सात जणांना दिसते ती पाठ. खांदे ताठ आहेत की पडलेत, मोकळा हात मांडीवर आपटला का, मान हलली का, यावरून ते पिचरचं मन वाचतात. पिचर मागे कधी वळतो? बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. कोणाच्या पायांतून चेंडू गेला, कोणी चुकीच्या बेसला फेकला, की तो वळतो. म्हणजे सात जणांना त्याचा चेहरा नेमका सगळ्यात वाईट क्षणी दिसतो. एरवी दोन तास तो किती शांत होता याला मग फारशी किंमत उरत नाही. ते दोन-तीन सेकंद कसे गेले यावर पुढची इनिंग जाते.

मानकापूरकडच्या एका मैदानावर कॉलेजच्या मुलींचा सरावसामना चालू असताना हे मी अगदी जवळून पाहिलं. दोन आउट झालेले, सोपा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, आला आणि शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हखालून निसटला. धाव गेली. शॉर्टस्टॉप मान खाली घालून बुटाने माती सारखी करत होती. डावखुरी पिचर वळली, चेंडू परत घेतला, आणि हात वर करून तर्जनी आणि करंगळी दाखवली. ही दोन आउटची खूण. शेजारची दोन बोटं लांबून एकच वाटतात, म्हणून आउटफिल्डरांना दिसावं यासाठी टोकाची बोटं वापरतात. मग शॉर्टस्टॉपचं नाव घेऊन म्हणाली, "दोन आउट आहेत गं, पुन्हा तुझ्याकडेच येऊन राहिला, फर्स्टला टाक." तिने ना समजूत घातली, ना 'जाऊ दे' म्हटलं. नुसतं पुढचं काम सांगितलं. शॉर्टस्टॉपची मान वर आली आणि तिची पावलं पुन्हा पुढे सरकली. पुढचा चेंडू आला तो सेकंड बेसकडे आणि इनिंग संपली.

आता याच जागी पिचरने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे रोखून बघितलं असतं, तर काय झालं असतं ते कोणीही प्रशिक्षक सांगेल. चुकलेल्या खेळाडूच्या मनात 'आता माझ्याकडे येऊ नको' ही इच्छा शिरते, आणि ती असलेला खेळाडू चेंडूकडे झेपावत नाही, चेंडूची वाट बघतो. बाकीचे सहा जणही शिकतात की इथे चूक केली तर चारचौघांत शोभा होते. मग कठीण चेंडूला कोणी हात घालत नाही, कारण हात घालून सुटला तर चूक, आणि हात न घालता गेला तर तो बॅटरचा हिट, चूक कोणाच्याच नावावर नाही. पिचरला वाटतं, आपलं नशीब खराब. प्रत्यक्षात त्याने स्वतःच मैदान मोठं करून ठेवलेलं असतं.

या विषयावर बोलताना 2 जून 2010 चा डेट्रॉइटचा सामना टाळता येत नाही. डेट्रॉइट टायगर्सच्या अर्मांडो गॅलारागाने क्लीव्हलँडचे 26 बॅटर ओळीने बाद केले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्याने मारलेला ग्राउंडर पहिल्या बेसवरच्या मिगेल कॅब्रेराने उजवीकडे जाऊन अडवला, आणि बेस झाकायला धावलेल्या गॅलारागाकडे फेकला. डोनाल्ड स्पष्ट बाद होता. अंपायर जिम जॉइस यांनी सेफ, म्हणजे नाबाद दिला. परफेक्ट गेम गेला. त्या काळी अशा निर्णयावर व्हिडिओ बघायची सोय नव्हती. संघातले बाकीचे भडकले. गॅलारागा मात्र हसला, चेंडू घेतला, परत गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना 3-0 ने संपवला. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रण बघून चूक मान्य केली आणि गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी होम प्लेटपाशी जॉइस यांच्या हाती द्यायला गॅलारागाच गेला. मला यातलं त्याचं मोठं मन तर भावतंच, पण खेळाच्या दृष्टीने मधली मिनिटं जास्त शिकवून जातात. सगळा संघ पेटलेला असताना सामना अजून उरला होता, आणि तो कसा संपवायचा हे त्या एका माणसाच्या चालीवरून ठरलं.

म्हणजे पिचर नेहमी हसतमुख असायला हवा का? मुळीच नाही. सेंट लुईसचा बॉब गिब्सन बॅटरकडे असा बघायचा की समोरच्याची पाचावर धारण बसावी. तो झपाझप टाकायचाही. 1968 च्या हंगामात त्याची सरासरी दर नऊ इनिंगमागे 1.12 धावांची होती. त्या वर्षी पिचरांनी एकंदरच इतका धुमाकूळ घातला की 1969 पासून माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली गेली. गिब्सनच्या अंगातली आग होती ती बॅटरसाठी. राग समोर गेला तर मागचे सात जण छाती काढून उभे राहतात. तोच राग मागे वळला तर ते आक्रसतात. तुमच्या मुलीचा किंवा मुलाचा स्वभाव तापट असेल तर तो बदलायच्या भानगडीत पडू नका, तोंड कोणत्या दिशेला आहे एवढं बघा.

पिचर स्वतःच कोसळायला लागला तर? मोठमोठ्यांचं झालंय. 3 ऑक्टोबर 2000 रोजी प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात सेंट लुईसच्या एकवीस वर्षांच्या रिक अँकीलने एकाच इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच टाकल्या, म्हणजे कॅचरला अडवताच येणार नाहीत असे चेंडू. पिचर म्हणून तो त्यातून पूर्ण सावरला नाही. 2007 मध्ये परतला तो आउटफिल्डर म्हणून. इतकं टोकाचं क्वचित घडतं. पण छोट्या प्रमाणात प्रत्येक पिचरचं होतं, आणि तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण एकच करतो: घाई. वाईट चेंडू पुसून टाकायला लगेच पुढचा टाकतो, तो आणखी वाईट पडतो.

इथे कॅचर कामाला येतो. संघात पिचरचा चेहरा बघणारा तो एकटाच. चांगला कॅचर अशा वेळी चेंडू लगेच परत फेकत नाही. हातात चोळतो, दोन पावलं पुढे येतो, गरज वाटली तर टाइम मागून माउंडपर्यंत चालत जाऊन चेंडू हातात ठेवतो. काय बोलतो याला फार महत्त्व नाही. "हळू टाक, कोणी पळून नाही राहिला" एवढं पुरतं, कारण खरं काम त्या चालण्यातल्या वीस सेकंदांनी झालेलं असतं. मेजर लीगने माउंडवर जायच्या फेऱ्यांवर 2018 पासून मर्यादा घातली आहे, त्यामुळे तिथले कॅचर या फेऱ्या जपून वापरतात. आपल्या शाळा-कॉलेजांच्या संघांत उलट अडचण दिसते. कॅचर लाजतो, पिचर वयाने मोठा असेल तर जातच नाही. प्रशिक्षकांनी हे त्याचं काम आहे असं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं तर तो संकोच सुटतो.

सरावात हे बसवायचं कसं? पिचर एका कोपऱ्यात कॅचरबरोबर आणि क्षेत्ररक्षक दुसऱ्या कोपऱ्यात सरांच्या बॅटसमोर, अशी आपल्याकडची पद्धत आहे. दोघांची गाठ पडते ती थेट सामन्यात. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण नऊ जण जागेवर उभे करून पिचरला टाकायला लावा. बॅटरने मारलं नाही तरी चालेल. सातही जणांनी प्रत्येक चेंडूला पावलं टाकायची आणि ती बारीक उडी मारायची. सरांनी पिचरमागे उभं राहून पाय बघायचे. कोणाच्या टाचा टेकलेल्या दिसल्या तर आधी पिचरने किती वेळ लावला ते विचारायचं, मग त्या खेळाडूला. मधूनच मुद्दाम सोपा चेंडू सोडायला लावायचा आणि पिचरने वळून आउट किती आणि पुढचा चेंडू कुठे फेकायचा, एवढंच बोलायचं, हे पाठ होईपर्यंत करून घ्यायचं. दुसऱ्या फळीतल्या पिचरलाही याच नऊ जणांत टाकायला लावा. सामन्याच्या मधेच त्याला आणलं की ठेका बदलतो, आणि मागच्यांनी तो आधी पाहिलेला नसेल तर पहिले चार-पाच चेंडू त्यांचे पाय जुन्याच पिचरच्या वेळेवर हलत राहतात.